बारा नळ्या वाळू

सरावली,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ललित,

मामेबहीण रूपलच्या लग्नाला आलास, दोन दिवस राहिलास, बोईसरहून गाडीत बसलास, आणि जाता जाता चिंचणीच्या घरात सुलूआत्याच्या पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक सरकवून गेलास. ना आत्याला विचारलंस, ना मला. ट्रंकेवर लाल अक्षरांत इंग्रजीत 'डू नॉट ओपन' लिहिलंय. आत्या चौथीपर्यंत शिकली, तीही मराठी शाळेत, एवढं तरी तुझ्या लक्षात असायला हवं होतं. काल तिचा मला फोन आला : "त्यानं काय हाडं आणून ठेवलीत काय गं? ढकलायला गेले तर हलत नाय."

मी आज सकाळी जाऊन पाहिलं. उघडली नाही. हलवली तेव्हा आत काहीतरी जड, लांबट एकमेकांवर आपटलं. आत्या मागे उभी राहून म्हणाली, "पाइप हायत. आता ह्यानं प्लंबिंग सुरू केलं."

फोन न करता पत्र का, तर तुझ्या कॅम्पवर रेंज नसते आणि असते तेव्हा आपण भांडतो. मागच्या वेळी तू मध्येच फोन ठेवलास. पत्रात निदान समोरच्याला शेवटपर्यंत वाचावं लागतं.

ट्रंकेत काय आहे, ते किती दिवस राहणार आहे, त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, हे लेखी कळव. मी पंधरा वर्षं कारखान्यात मालाचे नमुने तपासते, सील करते, रजिस्टरात सही करते. सूचनांशिवाय ठेवलेल्या नमुन्याला आम्ही कचरा म्हणतो. हे टोचायला लिहीत नाहीये. थोडं टोचायला लिहितेय.

— समिधा



बन्सीची ढाणी, जैसलमेरच्या पुढे,
९ मार्च २०२५

ती. ताई,

तुझं पत्र पोस्टमनने उंटगाडीवाल्याकडे दिलं, त्याने दुकानात दिलं आणि दुकानदाराने आठवड्याने मला. वैतागायचा हक्क फक्त तुलाच नाही.

ट्रंकेत बारा नळ्या आहेत. नळ्यांत वाळू आहे. हसू नकोस. या ढाणीच्या, म्हणजे दहा-बारा घरांच्या वस्तीच्या, मागे वाळूची एक मोठी टेकडी आहे. इथे तिला बडा धोरा म्हणतात. तिच्या अंगात आम्ही माथ्यापासून सहा मीटर खोल खड्डा घेतला आणि दर अर्ध्या मीटरवर एक नळी ठोकून आतली वाळू घेतली. एक नंबर सगळ्यात वरची, बारा नंबर तळाची.

वाळूचा कण जमिनीत गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतली अगदी मंद किरणं तो साठवत जातो. वर्षानुवर्षं. त्याला ऊन लागलं की साठवलेलं सगळं रिकामं होतं. प्रयोगशाळेत अंधारात तो साठा मोजला की या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते कळतं. म्हणजेच टेकडीचा तो थर कधीपासून जागचा हललेला नाही ते कळतं. म्हणून नळ्यांना दोन्ही टोकांना काळी टोपणं आहेत. उजेड लागला की संपलं. एवढी एकच सूचना आहे : उघडायच्या नाहीत.

प्रयोगशाळेतलं यंत्र बंद आहे, जूनमध्ये आमचा नंबर लागेल, तोपर्यंत पलंगाखालचा अंधार बरा.

आता हे का महत्त्वाचं. सरकारी खात्याला वाटतं की शेळ्यांच्या चराईने टेकडी सुटली आहे आणि पुढे सरकते आहे. तसं ठरलं तर टेकडीला कुंपण पडेल आणि इथली चराई बंद होईल. निकाल माझ्या अहवालावर आहे. माझं कंत्राटही पुढच्या मार्चपर्यंतच आहे, पुढची कायमची जागा याच अहवालावर. बन्सी, जो माझ्याबरोबर खड्डे खणतो आणि ज्याच्या साठ शेळ्या त्या टेकडीवर चरतात, तो म्हणतो, "साहब, मेरे परदादा के टाइम से धोरा सो रहा है." असेलही. दोन हात खाली चुनखडीचे पांढरे गोळे सापडले, ते मातीत जागच्या जागी तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पण ज्याच्या शेळ्या, त्याचं म्हणणं पुरावा म्हणून कसं घेणार? आकडे येऊ देत.

आत्याला हे सगळं सांगत बसू नकोस. तिला कळणार नाही आणि ती गावभर सांगेल.

— ललित



सरावली,
३० मार्च २०२५

प्रिय ललित,

समजलं. ट्रंक भिंतीकडे सरकवली, वर जुनी गोधडी टाकली.

आत्याला "हात लावू नको" एवढंच सांगितलं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, ललितच्या कामाचं आहे. ती म्हणाली, "हात न लावलेली वस्तू बुरसते," आणि चिकू उतरवायला निघून गेली.

तिला कळणार नाही हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. मला दहा मिनिटांत कळलं, तिला वीस लागली असती. पण खरं सांगायचं तर मीही सांगितलं नाही. ऑडिट चालू आहे, घरी पोचायला आठ वाजतात, आणि आत्याला एक गोष्ट सांगायची म्हणजे तिच्या सात गोष्टी ऐकायच्या. तेव्हा हा आळस तुझ्या एकट्याच्या नावावर टाकत नाही.

— समिधा



सरावली,
८ जून २०२५

प्रिय ललित,

तुझ्या संस्थेची गाडी काल दुपारी चिंचणीला आली. ट्रंक दिली. बाराच्या बारा नळ्या आहेत, टोपणं घट्ट आहेत, वरून चिकटपट्टी आहे. ड्रायव्हरची सही घेतली आहे. ट्रंक खाऱ्या हवेने बाहेरून थोडी गंजली होती ती पुसून घेतली. बाकी सगळं ठीक.

आत्याने तुझ्यासाठी उन्हात वाळवलेल्या चिकूच्या फोडी ड्रायव्हरकडे दिल्या आहेत. त्याने खाल्ल्या नाहीत तर पोचतील.

— समिधा



प्रयोगशाळा वसतिगृह,
२८ सप्टेंबर २०२५

ती. ताई,

आकडे आले!

पाच ते बारा नंबरच्या नळ्या : वयं नऊशे वर्षांपासून दोन हजार वर्षांपर्यंत, खाली जावं तसं वाढत जाणारी. सुंदर. आणि वरच्या चार नळ्या, एक ते चार : शून्य. जवळजवळ शून्य. म्हणजे टेकडीच्या वरच्या दोन मीटरनी हल्लीच ऊन पाहिलं आहे. नऊशे वर्षं निजलेली टेकडी आत्ता, आपल्या डोळ्यांसमोर सुटली. ताई, असं स्वच्छ चित्र माणसाला आयुष्यात एकदा मिळतं.

मागच्या आठवड्यात ढाणीवर जाऊन बन्सीला सांगितलं. तो म्हणाला, "मशीन झूठी है." मी हसलो. तो फावडं तिथेच टाकून गेला आणि तीन दिवस आला नाही.

तीस नोव्हेंबरला अहवाल द्यायचा आहे. खात्याचे साहेब खूश आहेत. कुंपणाचे खांब मागवायची भाषा सुरू झाली. बन्सीला वाईट वाटेल, पण मी काय करू? आकडे माझे नाहीत, वाळूचे आहेत.

चिकूच्या फोडी पोचल्या होत्या. निम्म्या.

— ललित



सरावली,
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय ललित,

अभिनंदन करणारं पत्र लिहायला बसले होते. तीन कागद फाडले. त्याऐवजी दोन प्रश्न विचारते.

तू मार्चमध्ये लिहिलं होतंस की दोन हात खाली चुनखडीचे गोळे आहेत आणि ते जागच्या जागी बनायला शेकडो वर्षं लागतात. दोन हात खाली म्हणजे साधारण दोन नंबरच्या नळीपाशी. जी वाळू काल-परवा येऊन पडली, तिच्यात शेकडो वर्षं लागणारे गोळे कसे?

दुसरं. चार नळ्या शून्य यायला टेकडी हलण्याखेरीज दुसरं काही कारण असू शकतं का? तू ते तपासलंस का?

मी भूगोलवाली नाही. पण आमच्याकडे सलग चार नमुने एकसारखे विचित्र आले की आम्ही आधी मालाकडे नाही, नमुन्याकडे बघतो.

— समिधा



बन्सीची ढाणी,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. ताई,

दिवाळीला येणं होत नाही. भाऊबीजेचं ओवाळणं उधार ठेव.

तुझे प्रश्न वाचले आणि चिडलो. चार वर्षं मी या वाळूत उभा आहे. गोळे वाऱ्याबरोबर दुसरीकडून आले असतील. नळ्यांचं म्हणशील, तर उजेड लागला असता तर तू लिहिलंच असतंस. तू स्वतः आठ जूनला लिहिलंस : बाराच्या बारा, टोपणं घट्ट, सगळं ठीक. ते पत्र मी फाइलला लावलंय. नमुने मधल्या काळात कुठे होते, असा रकाना असतो. त्यात मी लिहिलंय, "बोईसर येथील अनुभवी रसायनतज्ज्ञाच्या ताब्यात." खोटं तर नाही ना? पलंगाखाली होते असं लिहिलं असतं तर मला दारात उभं केलं नसतं.

तेव्हा कृपा करून मला माझं काम शिकवू नकोस.

— ललित



सरावली,
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय ललित,

काल भाऊबीज झाली. पाटावर सुपारी ठेवून ओवाळली. आज रजा टाकली आहे आणि हे पत्र न फाडता पूर्ण करणार आहे.

अठरा मे, रविवार. मी चिंचणीला गेले. आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागायच्या, आधीचं आत्याचं वाळवण तुला ठाऊक आहे. अंगणात चुलीच्या राखेचं रिंगण, मुंग्या येऊ नयेत म्हणून. त्याच्या आत साड्या अंथरलेल्या, साड्यांवर मिरच्या, चिंच, वाल, सोडे, चिकूच्या फोडी. आणि विहिरीच्या कठड्याला ओळीने लावलेली चार सुपं. सुपांत वाळू. आत्या डोक्यावर पदर घेऊन उकिडवी बसलेली आणि बोटांनी ती वाळू खालीवर करत होती, गहू करतो तशी.

मी ओरडले. ती दचकली नाही. म्हणाली, "ट्रंक घामेजली व्हती. गंजाचा वास येत व्हता. पोराचं काम सडलं असतं म्हणून काढलं. सगळं वायलं वायलं ठेवलंय हो, मिसळू नाय दिलं."

खरंच मिसळू दिलं नव्हतं. प्रत्येक सुपाखाली त्याची नळी, नळीवर त्याची टोपणं. तिच्याइतकी नीट मांडणी आमच्या क्यूसीतली पोरं करत नाहीत. दहा वाजल्यापासून वाळू उन्हात होती आणि मी पोचले तेव्हा दोन वाजले होते. बाकीच्या आठ तिने उघडल्या नव्हत्या. सुपंच चार आहेत. त्या आठ दुसऱ्या दिवशी करणार होती.

आम्ही दोघींनी वाळू परत भरली. ठोकून बसलेली वाळू एकदा मोकळी झाली की पुन्हा तेवढ्या जागेत मावत नाही. प्रत्येक नळीमागे एक मूठ उरली. त्या चार मुठी आत्याने अबोलीच्या कुंडीत टाकल्या.

एवढं झालं ते तिच्या न कळण्याने झालं असं तू म्हणशील. तिला कळू न देण्याने झालं असं मी म्हणते. पण पुढचं माझं आहे.

ऊन देऊन झालेल्या डब्याला किंवा बरणीला आत्या लाल दोरा बांधते, म्हणजे तीच वस्तू दुसऱ्यांदा निघत नाही. एक ते चार नळ्यांनाही तिने दोरे बांधले होते. मी ते पाहिले. तीन आठवडे मला तुला लिहायचं होतं. रोज डायरीत लिहीत होते, "आज ललितला कळवावं," आणि दुसऱ्या दिवशी तेच. दोन वर्षांपूर्वी तुझ्या कॉलेजातल्या दगडांचा डबा तिने अंगणात चिखल होतो म्हणून पायरीपाशी ओतला, तेव्हा तू तिच्यावर जसा ओरडलास आणि मग आठ महिने तिच्याशी बोलला नाहीस, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. ती रोज पोस्टमनला थांबवून विचारायची. तुला हे ठाऊक नाही.

सात जूनला तुमची गाडी यायच्या तासभर आधी मी कात्रीने ते चार दोरे कापले. मग तुला लिहिलं, सगळं ठीक. प्रत्येक शब्द तपासून लिहिला होता : नळ्या बारा होत्या, टोपणं घट्ट होती. मनाशी म्हटलं, यंत्राला कळेलच, तू त्या चार टाकून देशील, गोष्ट मिटेल. यंत्राला कळलं. तुला नाही. आणि तुला कळू नये अशी सोय मीच केली होती.

आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं. नमुन्याचं वाटोळं माफ होतं, खुणा पुसणं माफ होत नाही. हे वाक्य मी नव्या मुलांना दरवर्षी ऐकवते.

दोरे टाकले नव्हते. डायरीत सात जूनच्या पानात होते. चारही सोबत पाठवते आहे.

टेकडी हलली की नाही मला माहीत नाही. पण तिच्या वरच्या चार नळ्यांनी शेवटचं ऊन आपल्या अंगणात पाहिलं. यंत्राने तेच सांगितलं.

— समिधा



३ नोव्हेंबर २०२५

ताई,

दोरे मिळाले.

एक तर जूनमध्ये सांगायचं होतंस, नाहीतर कधीच नाही. आता सत्तावीस दिवस राहिलेत. नळ्या उघडल्या होत्या असं सांगितलं तर त्या कुठे उघडल्या हे सांगावं लागेल. मग रकान्यातलं वाक्य उघडं पडेल. पलंगाखाली! आत्याच्या! लोकांना वर्षभर हसायला पुरेल.

पाच ते बारा ठीक आहेत. वरच्या चारांबद्दल "आणखी तपास आवश्यक" असं एक वाक्य घालता येईल. खात्याला ते वाक्य वाचायचं नसेल तर ते वाचणार नाहीत, तो माझा दोष नाही.

मला विचार करू दे. पत्र लिहू नकोस.

— ललित



चिंचणी,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ललित,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. आत्याच्या ओसरीवर बसून लिहिते आहे आणि ती समोर वाल सोलते आहे.

तिला सगळं सांगितलं. वाळू, ऊन, साठा, शून्य. बावीस मिनिटं लागली, घड्याळ लावलं होतं. मध्ये तिने एकच शंका विचारली : "चंद्राच्या उजेडानं जातं का?" तुला विचारायला सांगितलंय.

मग भडकली. माझ्यावर आधी. "तू बगितलंस, दोरं कापलंस, आणि माझ्या तोंडावर म्हणालीस काय नाय झालं आत्या. मी म्हातारी झाले म्हणून मला खोटं खायला घालता काय?" मग तुझ्यावर. "लोणच्याच्या बरणीला मुरेपर्यंत ऊन दाखवायचं नाय, हे मला कोणी कॉलेजात शिकवलं? एक शब्द टाकला असता, वाळूला ऊन चालत नाय, तर मी गोणपाट गुंडाळून ठेवली असती. इंग्रजीत कोणासाठी लिवलं होतं, उंदरांसाठी?"

तुझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला नाही, माझीही सापडत नव्हती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि तो शेळीवाला?" मी सांगितलं, टेकडीला कुंपण पडेल. "मग तो चारणार कुठं?" मी म्हटलं, माहीत नाही. "किती शेळ्या?" साठ. तिने वाल सोलणं थांबवलं. "म्हणजे मी सुपात वाळू घातली म्हणून तिथं राजस्थानात साठ शेळ्या उपाशी? आणि तुमी दोघं शिकलेली माणसं हे कागदावर लिवून देनार?"

हे मी सहा आठवड्यांत मनाशी इतक्या सरळ म्हणू शकले नव्हते.

तुझे भावोजी म्हणतात, घरातली गोष्ट घरात ठेवा, त्याची नोकरी जाईल. मी तो विचारही प्रामाणिकपणे केला. तुझी नोकरी गेली तर तिचं कारण मी असेन, आणि त्याला काही उत्तर नाही.

सोबत एक जबाब आहे. तारीख, वेळ, नळ्यांचे नंबर, कोणी उघडल्या, कोणी भरल्या, दोरे कोणी कापले. खाली माझी सही, माझ्या हुद्द्यासकट, कारण तुझ्या रकान्यातली रसायनतज्ज्ञ मीच आहे. आत्यानेही सही केली आहे. तिने एक वाक्य हट्टाने घालायला लावलं : "वाळू ओली नव्हती. कोरडीच होती. पण बाहेर काढलीच होती म्हणून ठेवली." मी म्हटलं, याने आपली बाजू पडते. ती म्हणाली, "खरं हाय ते लिव."

ही प्रत तू संस्थेत दे. पंचवीस नोव्हेंबरपर्यंत दिलीस असं मला कळलं नाही, तर दुसरी मी रजिस्टर पोस्टाने पाठवीन. ही धमकी आहे. तिला दुसरं नाव द्यायचा मी खूप प्रयत्न केला.

— समिधा



बन्सीची ढाणी,
१४ डिसेंबर २०२५

ती. ताई,

चोवीस तारखेला दिला. तुझ्या मुदतीच्या एक दिवस आधी, हे मुद्दाम. धाकाने दिला असं तुला म्हणता येऊ नये म्हणून. पण धाकानेच दिला.

प्रमुखांनी जबाब दोनदा वाचला. आत्याच्या वाक्यापाशी थांबले. हसले नाहीत, हे जास्त अवघड होतं. विचारलं, "तुमच्या खड्ड्यात चुनखडीचे गोळे होते, तरी तुम्हाला शंका आली नाही?" मी म्हणालो, वाऱ्याने आले असतील असं वाटलं. वारा वाळू उडवतो, लिंबाएवढे गोळे उडवत नाही, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. तू ऑक्टोबरमध्ये विचारलंस तेव्हाही मला हे माहीत होतं.

कायमची जागा दुसऱ्याला मिळाली. कंत्राट मार्चपर्यंत आहे, पुढचं माहीत नाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही. दोऱ्यांचा राग आहे, जबाबाचा नाही.

खात्याने कुंपण नवे आकडे येईपर्यंत थांबवलं आहे. साहेब खूश नाहीत.

मी इथे परत आलो. बन्सीच्या घरी गेलो आणि त्याला सांगितलं की वाळू आमच्या घरी उन्हात घातली होती. तो आधी समजला नाही. मग समजला तेव्हा त्याने बायकोला हाक मारून पुन्हा सगळं सांगायला लावलं, आणि दोघं इतकी हसली की शेळ्या उठून उभ्या राहिल्या. "बुआजी ने धोरा सुखा दिया!" चार दिवस ढाणीत हेच चाललंय.

वरच्या दोन मीटरसाठी शेजारी नवा खड्डा घेतला. बन्सी आणि मी. नळी काढताना तो स्वतःच घरातली काळी घोंगडी घेऊन आला आणि माझ्या डोक्यावरून टाकून धरून उभा राहिला. मी आत घामाघूम, तो बाहेरून ओरडतोय, "साहब, उजाला तो नहीं आ रहा?" गोळे पुन्हा सापडले, त्याच खोलीवर, जुन्या मुळांभोवती. चार नव्या नळ्या मी स्वतः प्रयोगशाळेत पोचवल्या. आकडे फेब्रुवारीत येतील. बन्सी खरा ठरेल की नाही ते तेव्हाच. आता मी काही बोलत नाही.

आत्याला वेगळं पत्र लिहिलं आहे. तिला उद्देशून, मोठ्या अक्षरात, मराठीत. वाळूची सगळी गोष्ट आहे, चंद्राच्या शंकेचं उत्तरही आहे. शंका चांगली होती. दगडांच्या डब्याबद्दलही लिहिलं आहे. तू वाचून दाखवू नकोस, तिला वाचू दे.

— ललित



चिंचणी,
२८ डिसेंबर २०२५

चि. ललित यास सुलूआत्याचा आशीर्वाद.

पत्र मी वाचलं. दोन दिवस लागले. समिधा लिवते हाय, मी सांगते हाय. ती मध्ये शुद्ध करायला बगते, मी करू देत नाय.

दगड पायरीपाशी हायत अजून. त्यातला एक पण फेकला नाय. चिखल होत नाय तिथं आता. येशील तेव्हा उचल, नायतर राहू दे.

नोकरीचं वाईट झालं. समिधाला मी रोज बोलते, तू वेगळं बोलू नको.

पुढच्या वेळी काय ठेवायचं असेल तर ठेव, पलंगाखाली जागा हाय. पण सांगून ठेव.

आनि त्या बन्सीला कळव. त्याच्या टेकडीच्या चार मुठी माझ्या अबोलीच्या कुंडीत हायत. वाळू बरी हाय, फुलं धरलीत. कोणी इचारलं टेकडी हलली काय, तर सांग, हलली. चार मुठी, चिंचणीपर्यंत. त्याहून जास्ती हलली असेल तर ती माझ्यामुळं नाय.